'वेल्लोर, झिल्ला सातारा' : मॉरिशसला गेलेल्या खापरपणजोबांचं गाव शोधायचंय, मदत हवी

मंजिरी_जुळेसोलापूर (१४ नोव्हेंबर, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी पुण्यात नोकरी करते. तिच्या ऑफिसात मॉरिशसहून आलेली एक मुलगी आहे, मराठी घरातली. दिवाळीत लेक तिला आमच्याकडे सोलापूरला घेऊन आली. घरी ते क्रिओल बोलतात, पण गणपतीच्या आरत्या तिला तोंडपाठ आहेत. कडक भाकरी, शेंगाची चटणी सगळं आवडीनं खाल्लं आणि जेवण झाल्यावर तिनं मोबाईल पुढे केला. म्हणाली, "काकू, हे गाव कुठे असेल सांगा ना."

तिच्या आजोबांचे आजोबा १८५०च्या दशकात मुंबई बंदरातून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर गेले. मॉरिशसमधल्या अशा लोकांची रजिस्टरं मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. उतरलेल्या प्रत्येक माणसाला एक नंबर दिलेला असतो. नंबरापुढे नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण आणि शेवटी गाव, परगणा, झिल्ला. वंशजांनी अर्ज केला की उतारा मिळतो. या घराकडे तो उतारा खूप वर्षांपूर्वी आला होता. घरातल्याच एका काकांनी त्यावरून वंशावळ टाईप केली, आणि आता सगळ्यांकडे आहे ती ही टाईप केलेली प्रत. तीत लिहिलंय : गाव वेल्लोर, झिल्ला सातारा, जात कुणबी.

त्यांनी 'सातारा' ही कारकुनाची चूक धरली. तिचे आईवडील मागच्या वर्षी तमिळनाडूत वेल्लोरला जाऊन चार दिवस राहिले, देवळं पाहिली, लोकांना विचारलं. कुणालाच काही सांगता येईना. तिची आजी मात्र म्हणत राहिली, आपण तिकडचे नाही, आपल्या घरात विठोबा आहे. आजी या वर्षी गेल्या.

मी काही या विषयातली नाही, बँकेतून निवृत्त झालेली बाई. पण त्या पोरीचा चेहरा डोळ्यासमोरून हलत नाही. सातारा जिल्ह्यात वेल्लोरसारख्या नावाचं गाव आहे का? कुठून सुरुवात करू?

(पूर्वजाचं नाव इथे देत नाही. घरातली माणसं हयात आहेत, त्यांना विचारलेलं नाही.)

---

कोतवालबुक (१४ नोव्हेंबर, रात्री १०.५५)

ताई, सातारा चुकीचा नाही. चुकलं असेल तर वेल्लोर चुकलं असेल.

महसूल खात्यात एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीच अभिलेख कक्षात. तिथे एक गोष्ट पक्की शिकलो. कागदावर जिल्हा लिहिलेला असला की आधी विचारायचं, हा कोणत्या सालचा जिल्हा? आजचा नकाशा नंतर उघडायचा.

आपला सोलापूर जिल्हाच बघा. १८३८ साली तो अहमदनगरच्या हाताखाली उपजिल्हा म्हणून निघाला. त्यात बार्शी, मोहोळ, माढा, करमाळा होते, आणि आज कर्नाटकात असलेले इंडी, हिप्परगी, मुद्देबिहाळसुद्धा होते. १८६४ मध्ये तो मोडला. नंतर पुन्हा जुळवला. त्या जुळवाजुळवीत पंढरपूर आणि सांगोला साताऱ्याकडून इकडे आले, आणि १८७५ मध्ये माळशिरस आला. म्हणजे तुमचा माणूस १८५०च्या दशकात जहाजावर चढला तेव्हा पंढरपूरचा माणूस 'झिल्ला सातारा' असंच सांगणार. तेच खरं होतं.

आता माळशिरस तालुक्यातली गावं मनात आणा. अकलूज, नातेपुते, वेळापूर.

इंग्रजी अक्षरांत 'ळ' नाही, तो 'ल' होणार. 'पूर'चं 'पोर' होणार. वेलापोर. पुढे कुणी घाईत वाचलं की वेल्लोर. मूळ उतारा बघितल्याशिवाय मी शपथेवर सांगणार नाही, पण पहिला पत्ता माझा हाच.

---

बार्शीकर७२ (१४ नोव्हेंबर, रात्री ११.२०)

कोतवालबुकांशी सहमत, फक्त एक भर. आमच्या बार्शीच्या बाजूला तर याहून गुंता. बार्शी इंग्रजांची, पण तीन अंगांनी निजामाचा मुलूख. पाच मैलांवरचं गाव दुसऱ्या राज्यात. माझ्या आजोळचे कागद शोधताना बार्शीला दोन वर्षं हेलपाटे घातले, आणि गाव निघालं निजामाकडच्या नळदुर्ग जिल्ह्यातलं. कागद उर्दूत. अक्कलकोट संस्थान वेगळं, मंगळवेढा सांगली संस्थानात. ही दोन्ही १९४८ ला विलीन झाली. आज सगळं 'सोलापूर जिल्हा' म्हणतो, पण जुने कागद चार दिशांना.

---

मोडीवाचक (१५ नोव्हेंबर, सकाळी ७.१०)

टाईप केलेल्या प्रतीवर एक पाऊलही टाकू नका. मूळ नोंदीचं छायाचित्र मागवा. टाईप करणाऱ्याला जे नाव ओळखीचं वाटतं तेच तो वाचतो. मोडीतही हेच होतं. शिकाऊ वाचक अक्षर न वाचता अंदाज वाचतो आणि तोच पुढे छापला जातो.

आणि रजिस्टरातला फोटो आहे का विचारू नका. मॉरिशसमध्ये मजुरांचे फोटो काढायला १८६०च्या दशकात सुरुवात झाली. त्याआधी आलेल्यांची ओळख म्हणजे उंची आणि व्रण.

---

मंजिरी_जुळेसोलापूर (२ डिसेंबर, दुपारी ४.०५)

सगळ्यांचे मनापासून आभार. अंगावर काटा आलाय, म्हणून आधी तेच सांगते.

तिच्या मामांनी कपाटातून मूळ उतारा शोधून फोटो पाठवला. गावाच्या रकान्यात पाच अक्षरं स्पष्ट : वी, ई, एल, ए, पी. पुढे शाई पसरलीय. वेल्लोरमध्ये 'पी' येईल कुठून? आणि परगण्याच्या रकान्यात एक शब्द आहे जो टाईप करताना गाळला होता. मला तो 'मालसीरस' वाटतोय.

अजून एक. मी तिला विचारलं, आजी गावाबद्दल काही सांगायच्या का? नाव नाही, गाव नाही, पण काहीही. तिनं आईला फोन लावला. आई म्हणाली, आजीच्या घरात लहानपणापासून एक गोष्ट सांगायचे. आपल्या गावाला एक उतार आहे आणि त्या उतारावरून माणसं पळत पळत देवाकडे जातात. त्यांना वाटायचं ही कुठली तरी कहाणी असेल.

---

माउलींचा_दिंडीकरी (२ डिसेंबर, सायंकाळी ६.३०)

ताई, कहाणी नाही ती. वेळापूरचा धावा आहे तो!

माउलींची पालखी माळशिरसहून निघते, वेळापूर जवळ आलं की टेकावर थांबते. तुकोबांना इथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. आजही त्या उतारावरून अख्खी वारी धावते. म्हातारी माणसंसुद्धा. डोक्यावर तुळस घेऊन बाया धावतात. मी एकोणीस वर्षं धावतोय. पुढे मुक्काम वेळापूरला, मग भंडीशेगाव, वाखरी, पंढरपूर.

दीडपावणेदोनशे वर्षं समुद्रापार त्या माउलीनं ही आठवण जपली. वाचून डोळे भरले.

---

बार्शीकर७२ (२ डिसेंबर, रात्री ८.००)

मलाही भरून आलं. तरी एक सांगतो, राग मानू नका. धावा बघणारा माणूस वेळापूरचाच असेल असं नाही. शेजारच्या दहा गावांची माणसं तो बघायला येत असतील. आणि परमुलखात 'तू कुठला' विचारलं की आपण जवळच्या मोठ्या गावाचं नाव सांगतो. माझा भाऊ मुंबईत सगळ्यांना 'सोलापूर' सांगतो, गाव आमचं वैरागच्या पुढे. वेळापूर जुनं, बाजाराचं, अर्धनारी नटेश्वराच्या यादवकालीन देवळाचं गाव. तो माणूस एखाद्या वाडीवरचाही असू शकतो.

---

किनारा_रत्नागिरी (२ डिसेंबर, रात्री ९.१५)

मॉरिशसचे मराठी बहुतेक आमच्या कोकणातले समजले जातात. तिथे गणपतीत जाखडी नाचतात, ती आमचीच. हे घरही जाखडी करतं का? करत असेल तर कोकणातही शोधा.

---

मंजिरी_जुळेसोलापूर (२ डिसेंबर, रात्री ९.५०)

करतात. मीही तिला हेच विचारलं होतं.

---

कोतवालबुक (३ डिसेंबर, सकाळी ६.४५)

रत्नागिरीकरांचा मुद्दा रास्त, पण मी जाखडीवर गाव ठरवणार नाही. उसाच्या मळ्यावर एकाच चाळीत रत्नागिरीचा, साताऱ्याचा, पुण्याचा माणूस राहिला. पोरं एकत्र नाचली. कोकणातले जास्त, म्हणून नाच कोकणातला टिकला. नाच सगळ्यांचा होतो. उताराची आठवण मात्र एका घराचीच राहते, म्हणून मी तिला जास्त वजन देतो. आणि कागदावरचे तीन शब्द, वेळाप.., माळशिरस, सातारा, एकमेकांना धरून आहेत. गाव नक्की समजा. घर नक्की व्हायचंय.

आता घरासाठी. इथे बहुतेक लोक चुकीच्या दारात उभे राहतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ऊठसूट सगळे फेरफार मागायला जातात. फेरफार, म्हणजे गाव नमुना ६, हक्कनोंदणीच्या १९०३ च्या कायद्यानंतरची गोष्ट. गावोगाव ती पोचायला आणखी काही वर्षं गेली. जो माणूस १८५०च्या दशकात गेला तो फेरफारात सापडणार नाही. 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन झालेले जुने फेरफार आणि सातबारे मिळतात, ते जरूर बघा, पण ते खालून वर चढायला. म्हणजे आज गावात असलेल्या घराण्यापासून मागे जायला.

तुम्हाला हवी ती पहिली पाहणी. विंगेट आणि गोल्डस्मिड या साहेबांनी इंदापुरात १८३६ च्या सुमारास जमिनीची नव्या पद्धतीची पाहणी चालू केली आणि ती हळूहळू सगळ्या मुलखात गेली. माळशिरस सातारच्या छत्रपतींकडे होता. १८४८ मध्ये सातारा खालसा झाला, त्यानंतर इंग्रजी पाहणी तिथे शिरली. त्या पाहणीचे कागद म्हणजे टिपण, गुणाकार बुक आणि शेतवार पत्रक. शेतवारात सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकार म्हणजे सारा, आणि खातेदाराचं नाव. नावं 'अमुक बिन तमुक' अशी, म्हणजे अमुक, तमुकाचा मुलगा. आडनाव असेल नसेल.

आता मुख्य गोष्ट. गेलेल्या माणसाला शोधू नका. मागे राहिलेल्याला शोधा. तुमचा माणूस जहाजावर होता, खात्यावर त्याचा भाऊ असेल, चुलता असेल. मॉरिशसच्या कागदावर बापाचं नाव आहे ना? तेच 'बिन'च्या पुढे शोधायचं. तिकडे त्याच बापाचं किंवा आजोबांचं नाव पुढे आडनाव झालं असेल, ते इकडे शोधून काही उपयोग नाही.

कुठे : माळशिरसला भूमी अभिलेखचं उपअधीक्षक कार्यालय, तहसीलचा अभिलेख कक्ष, आणि तालुका तेव्हा साताऱ्यात असल्यानं सातारच्या कलेक्टर कचेरीतही विचारून ठेवा. पाहणीच्या आधीचं काही हवं तर पुण्याचं पुराभिलेखागार, ज्याला आपण पेशवे दप्तर म्हणतो. तिथे रुमाल आहेत, फडक्यात बांधलेले. पण तिथे मोडी जाणणारा माणूस सोबत हवा.

जाताना लेखी अर्ज न्या. तोंडी विचाराल तर 'नाही' हे उत्तर सगळ्यात सोपं असतं.

---

पूर्वभाग_अशोकचौक (३ डिसेंबर, दुपारी १.३०)

धागा वाचून राहवलं नाही. आमचं उलटं. आम्ही सोलापुरातले पद्मशाली, इथे आलेले. पणजोबा मागावर काम करायला तेलंगणातून चालत आले. घरात सगळे 'आपण करीमनगरचे' म्हणतात. मी करीमनगरला जाऊन गाव विचारलं तर लोक म्हणाले ते आता सिरसिल्ला जिल्ह्यात. २०१६ मध्ये तेलंगणाचे दहा जिल्ह्यांचे एकतीस झाले. कोतवालबुक साहेबांचं '१८७५' म्हणजे आमचं २०१६.

आमच्याकडे कागदापेक्षा माणसं उपयोगी पडली. कुणपुली लोक येतात, पद्मशाल्यांची कुळं आणि मार्कंडेयाची कथा सांगणारे. आमच्या एका काकांच्या लग्नात आलेल्या कुणपुलीनं आमचं इंटिपेरू, म्हणजे आडनाव ऐकलं आणि गाव सांगितलं. पुढे त्या गावात गेलो तर त्याच नावाची दोन घरं अजून विणकरी करत होती. त्यांच्या दारात माग बघितला आणि मी खाली बसलो.

---

मंद्रूपचा_पाटील (३ डिसेंबर, रात्री ८.४०)

आमच्या दक्षिण सोलापुरात, अक्कलकोट, मंगळवेढ्याकडे तेच काम हेळवी करतात. चार-पाच वर्षांनी एकदा येतात. पूर्वी बैलावर बसून यायचे, आता मोटारसायकलवर येतात. वही कन्नडमध्ये. दारात उभं राहून बापाच्या बापाच्या बापाचं नाव, कोण कुठून आला, कोणाची शाखा कुठे गेली, सगळं म्हणतात. धान्य, पैसे, वस्त्र घेतात आणि नवीन जन्मलेल्या पोरांची नावं लिहून पुढे जातात. आमच्या वहीत 'हा मुंबईस गेला, परतला नाही' अशी एक ओळ आहे. कोण, का, कुठे, काही नाही.

माळशिरसकडे हेळवी फिरतात का ते तिकडच्या लोकांनी सांगावं.

---

तिऱ्हे_प्रबुद्ध (४ डिसेंबर, सकाळी १०.२०)

एक प्रश्न मनात बरेच दिवस आहे. इथे सगळं खातेदार, सर्व्हे नंबर, कुळ. ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती त्यांनी काय शोधायचं? गिरमिटावर गेलेल्यांत आमच्यातलेही होते. आमच्या घरातही एक आजोबा 'बोटीनं गेले' असं सांगतात.

---

कोतवालबुक (४ डिसेंबर, सकाळी ११.४५)

दादा, हा प्रश्न मीच आधी लिहायला हवा होता.

महारांना गावकामाबद्दल वतनाची जमीन असायची, हाडकी-हाडोळा म्हणतात ती. ती एका माणसाच्या नावावर नसून भावकीची असायची. ती दुमाला जमिनीच्या नोंदीत येते, गाव नमुना ३ मध्ये. १८७४ च्या वतन कायद्याखाली वतनदारांची रजिस्टरं झाली, त्यात पाळी कोणाकोणाची होती ती नावं मिळतात. पुढे १९५८ च्या कायद्यानं ही कनिष्ठ वतनं रद्द झाली, जमीन परत देताना वारसांची चौकशी झाली, तिच्या कागदांत वंशावळी जोडलेल्या असतात. या वंशावळी मी स्वतः वाचल्यात, काहींत चार पिढ्या मागे जातात.

दुसरं, गाव नमुना १४, जन्म-मृत्यूची नोंद. कोतवाल बुक म्हणतो आपण. माझं इथलं नाव त्यावरूनच घेतलंय. त्यात जमीन असो नसो, प्रत्येक घर येतं. मूल जन्मलं, माणूस मेला, कोतवालानं सांगितलं, लिहिलं गेलं. जात लिहिलेली असते, म्हणूनच २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी कुणबी नोंदी शोधताना राज्यभर ही बुकं बाहेर काढली, मोडी वाचणारे बसवले, स्कॅन केली. काही जिल्ह्यांनी ती पानं संकेतस्थळावरही ठेवली. ती शोधाशोध एका कारणासाठी झाली, पण त्या पानांवर सगळ्याच जातींची माणसं आहेत. तुम्हीही बघा.

आणि खरं सांगायचं तर ज्याचं इथे काहीच लिहिलेलं नाही, त्याचं मॉरिशसच्या रजिस्टरात नाव, बापाचं नाव, उंची, गाव सगळं आहे. बाईमाणसाचीही स्वतंत्र नोंद आहे, स्वतःच्या नंबरानं. आपल्या जुन्या शेतवारात बाईचं नाव शोधायला फार पानं उलटावी लागतात. आजोबा मुंबईतून बोटीनं गेले असतील तर साल अंदाजे काढा आणि तिकडे पत्र लिहा.

---

तिऱ्हे_प्रबुद्ध (४ डिसेंबर, दुपारी १२.१०)

खूप आभार, साहेब. आजच वडिलांना साल विचारतो.

---

मंजिरी_जुळेसोलापूर (२१ जानेवारी, रात्री १०.१५)

उशीर झाला, माफ करा. पण रिकाम्या हातानं आलेली नाही.

माळशिरसला तीन चकरा झाल्या. पहिल्या खेपेला एका कार्यालयात "एवढं जुनं नसतं मॅडम" ऐकून परत आले. एसटीत बसल्यावर कोतवालबुकांचं वाक्य आठवलं आणि स्वतःवर चिडले, कारण मी तोंडीच विचारलं होतं. दुसऱ्या वेळी लेखी अर्ज, कोर्ट फी स्टँप, गावाचं नाव, अंदाजे सालं, कागदाचं नेमकं नाव, सगळं घेऊन गेले. 'पहिल्या पाहणीचं शेतवार पत्रक' असे शब्द वापरले. एका तरुण कर्मचाऱ्यानं शिडी लावून वरच्या फळीवरून गठ्ठा काढला. धूळ इतकी की आम्ही दोघं खोकत बसलो. त्या मुलाचे उपकार मी विसरणार नाही.

पानं मोडीत. नकला रीतसर मिळाल्या आणि मोडीवाचक यांनी चार रविवार घरी बसून वाचून दिल्या. एक पैसा घेतला नाही. बाकीचं त्यांनीच लिहावं.

---

मोडीवाचक (२१ जानेवारी, रात्री १०.५०)

लिहितो.

मॉरिशसच्या कागदावर बापाचं जे नाव आहे, ते 'बिन'च्या पुढे वेळापूरच्या शेतवारात दोन ठिकाणी आलंय. दोन वेगळे सर्व्हे नंबर, दोन वेगळे खातेदार. एकाच्या पुढे आडनाव आहे, दुसऱ्याच्या पुढे नाही. म्हणजे एकाच बापाची दोन मुलं असतील, किंवा त्याच नावाचे दोन बाप. त्या काळी ही नावं घरटी असायची, त्यामुळे दुसरी शक्यताही तितकीच खरी.

मंजिरीताईंनी मला विचारलं, "यातलं आपलं कोणतं?" मी सांगितलं, कागद इथे थांबतो. मी ओढून पुढे नेणार नाही. त्यांना क्षणभर वाईट वाटलं ते मला दिसलं. पण उद्या त्या मुलीनं चुकीच्या दारात जाऊन "मी तुमची" म्हणावं, हे मला नको होतं. एकदा वेल्लोर झालंय.

---

बार्शीकर७२ (२२ जानेवारी, सकाळी ८.३०)

बरोबर केलंत. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या राहिल्यात अजून. आडनाव असलेल्या घराण्याचे उपाध्ये कोण ते गावात विचारा. वहीत यात्रेकरू आपल्या भावांची नावं सांगतो, परदेशी गेलेल्याचंही सांगतो. पंढरपूर तर हाकेच्या अंतरावर.

---

वेळापूर_पालखीतळ (२२ जानेवारी, दुपारी २.००)

नमस्कार. मी वेळापूरचा, आजवर फक्त वाचत होतो. ताईंनी निरोपातून दोन्ही सर्व्हे नंबर पाठवले होते. काल त्यातल्या ओढ्याकडच्या शेताच्या मालकांशी बोललो, ते आमच्या भावकीतले नाहीत पण ओळखीचे आहेत. आता त्या नंबराचे सात हिस्से झालेत. ऐंशी पार केलेल्या आज्जी आहेत त्या घरात. त्यांना विचारलं, तुमच्यातलं कोणी लांब गेलं होतं का? म्हणाल्या, "माझ्या सासूची सासू पितरांना पान वाढताना एक पान जास्त वाढायची. 'पाण्यापलीकडच्याचं' म्हणायची."

नाव माहीत नाही त्यांना. पण ते पान त्या अजून वाढतात.

---

मंजिरी_जुळेसोलापूर (२२ जानेवारी, दुपारी २.२५)

मला पुढे टाईप करता येत नाहीये. संध्याकाळी लिहिते.

---

मंजिरी_जुळेसोलापूर (२२ जानेवारी, रात्री ९.३०)

मॉरिशसला फोन झाला. मी त्यांना तीन गोष्टी वेगवेगळ्या करून सांगितल्या. गाव वेळापूर, तालुका माळशिरस, तेव्हाचा सातारा, आताचा सोलापूर जिल्हा, हे आम्ही नक्की धरतो. दोन शेतं सापडलीत, त्यातलं एक तुमचं असू शकतं, हे नक्की नाही. आणि एका घरात एक पान जास्त वाढतात, त्याचा अर्थ तुम्ही तुमचा लावा. पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही. मग तिच्या आईनं फक्त विचारलं, त्या आज्जींना भेटता येईल का?

वेळापूरकर दादा, विचाराल का त्यांना? 'नाही' म्हणाल्या तरी चालेल.

---

वेळापूर_पालखीतळ (२३ जानेवारी, सकाळी ७.००)

विचारलं. "जेवायलाच येऊ द्या" म्हणाल्या. तिखट किती लागतं तेवढं कळवा म्हणाल्या.

---

मंजिरी_जुळेसोलापूर (२३ जानेवारी, सकाळी ७.४०)

ते आषाढीला येतायत, चौघंजण. धावा बघायचाय त्यांना. पालखीच्या मुक्कामाला वेळापुरात खोली मिळणं अवघड हे मला माहीत आहे, म्हणून आत्तापासून विचारते. कुणाच्या ओळखीत अकलूज किंवा वेळापुरात दोन रात्रींची सोय होईल का? तिच्या वडिलांचा गुडघा दुखतो, खालच्या मजल्यावर असेल तर बरं.

---

माउलींचा_दिंडीकरी (२३ जानेवारी, सकाळी ८.०५)

अकलूजला माझ्या मेव्हण्यांचं घर आहे, खालच्या दोन खोल्या रिकाम्या. धाव्याच्या दिवशी पालखीचा रस्ता गाड्यांना बंद असतो, तेव्हा त्यांना आदल्या रात्रीच अकलूजला आणा. सकाळी मी स्वतः टेकावर घेऊन जातो. वडिलांना वरच बसवू, तिथून सगळं दिसतं.